वाचून दाखवलं?

पोरांनो, ते मोबाइल ठेवा जरा खाली. कारंज्याचा धीरज तुम्हाला माहीत आहे, तहसीलसमोर टायपिंगचं दुकान चालवतो तो. हे त्याच्यासोबत घडलं. अंधार पडल्यावर दुकानात थांबणं त्यानं तेव्हापासून सोडलं.

दुकान मूळचं अर्ज अन् दस्त लिहून देणाऱ्या सदाशिवरावांचं. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्यांचा उजवा अंगठा अर्धा गेला होता. माणूस भलता हट्टी. ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचे नाहीत. म्हातारपणी संगणक शिकले, सगळ्या पक्षकारांचा डेटाबेस बांधला. नावासमोरचं बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, त्या माणसाचा कागद छापायला वर्डमध्ये उघडायचा. पण त्याआधी पडद्यावर एक चौकट यायची : ‘वाचून दाखवलं?’

धीरज त्यांना काकाजी म्हणायचा. ते वारले, दुकान त्याच्याकडे आलं आणि त्यानं मॅक्रोमधून ती ओळच काढून टाकली. वेळ खाते म्हणे!

दोन हजार चोवीसचा तान्हा पोळा, मंगळवार. दुपारी आनंदाबाई पुतण्यासोबत येऊन गेली होती. भाजी विकून एकटी राहणारी म्हातारी. ओमप्रकाशनं, म्हणजे त्या पुतण्यानं, तिला सांगितलं होतं की घरकुलाचा अर्ज आहे. कागद होता बक्षीसपत्राचा. तिचं राहतं घर त्याच्या नावे.

“वाचून दाखव ना रे बापू,” ती म्हणाली.

“त्यात वाचाले काय आहे, मावशी? उद्या अकराले येजो अंगठा द्याले,” धीरज म्हणाला.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं तिला सांगितलं नाही. लाज वाटावी असंच होतं ते.

रात्री आठ वाजून दहा मिनिटं. लाकडी बैल घेऊन पोरं घरी गेलेली, रस्ता सामसूम. धीरजनं आनंदाबाईच्या नावासमोरचं बटण दाबलं.

चौकट आली. ‘वाचून दाखवलं?’

जुनी प्रत उघडली असेल, असं वाटून त्यानं ‘होय’ दाबलं. कागद उघडला... आणि मिटला. पुन्हा चौकट.

त्यानं कोड उघडून पाहिला. ती ओळ नव्हती.

डेटाबेस बंद केला. चौकट तशीच.

मागे सदाशिवरावांची खुर्ची करकरली... शाईचा वास आला. शाईची डबी तर ड्रॉवरमध्ये बंद होती.

वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. समोर दुपारचा मसुदा होता, तो उचलून त्यानं मोठ्यानं वाचायला घेतला.

“मी आनंदाबाई... माझे राहते घर... राजीखुशीने...”

तो अडला. मागे काहीच नाही. फक्त कोणीतरी ऐकत होतं.

“काकाजी... चुकलं माह्यं. उद्या वाचून दाखवतो तिले.”

प्रिंटर आपणच घरघरला. चौकट गेली. धीरजनं कागदाला हात न लावता शटर ओढलं, कुलूप घातलं आणि पळत घर गाठलं.

सकाळी आनंदाबाई अन् ओमप्रकाशसमोरच त्यानं कुलूप उघडलं. प्रिंटरमधला कागद उचलून पहिल्या ओळीपासून वाचला. ओमप्रकाशचा चेहरा पडला. म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“माह्यं घर मी कोणालेच नाई देत,” ती म्हणाली.

धीरज कागद फाडायला गेला आणि थांबला. खाली ‘वाचून दाखवणार’ लिहिलेल्या जागेवर जांभळा अंगठा उमटला होता. शाई अजून ओली होती.

अंगठ्याचा वरचा अर्धा भाग नव्हता.