दहा सेकंदांची पिवळी छत्री

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा भिंगरीच्या कडेवर एक व्हीसीआर होता.

अगदी लेकरू घ्यावं तसा. कुणाच्या तरी माळ्यावरून नुकताच सोडवून आणलेला, काळा, धुळीने माखलेला. भिंगरी हे नाव मामांनी ठेवलेलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच, कारण ही पोरगी एका जागी शांत बसलेली कुणी पाहिलेली नव्हती. बसली तर पाय हलायचा, पाय धरून ठेवला तर बोटं नाचायची. आता तर पेटीत बंद! वीस मिनिटांत तिने लिफ्टमधली सूचना अकरा वेळा वाचली आणि आरशात स्वतःला चार वेळा वेडावून दाखवलं.

शेवटी वरचं दार करकरत उघडलं आणि फटीतून एक चेहरा उलटा लोंबला.

“घाबरू नका हं.”

“घाबरले नाहीये, कंटाळलेय!”

“बरं, हात द्या.”

“आधी ह्याला घ्या.”

उलट्या चेहऱ्याने व्हीसीआरकडे पाहिलं. “आधी माणसं, असा नियम आहे आमच्यात.”

“मी पडले तर प्लास्टर मिळतं. ह्याचं हेड फुटलं तर पार्ट मिळत नाही. घ्या!”

त्याने मुकाट्याने आधी व्हीसीआर घेतला, मग तिला. हात ग्रीसने बरबटलेला होता, पण उबदार. आणि तो सुटायला हवा होता त्यापेक्षा दीड सेकंद उशिरा सुटला... भिंगरीने मोजलं. ती सगळंच सेकंदांत मोजायची. धंदाच तसा होता.

मामा-भाचीचं दुकान होतं, जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं. लोकांची लग्नं, लोकांची रांगणारी बाळं. आता गंमत बघा, जिला पाच मिनिटं धीर धरवत नाही तिच्या नशिबी काम कुठलं, तर जिथे घाई चालतच नाही! तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो. पळवता येत नाही, सोडून जाता येत नाही, समोर बसून बघावीच लागते.

तिसऱ्या दिवशी लिफ्टवाला दुकानात हजर. हात धुतलेले, केसांना पाणी लावलेलं, काखेत एक कॅसेट.

“आत्याची आहे,” तो म्हणाला. “जुनी गाणी, टीव्हीवरून टेप केलेली. नव्वदच्या दशकातले ते व्हिडिओ नव्हते का... त्यातल्या एकात आत्या आहे.”

“गाते?”

“नाचते. मागे, पाच बायकांत. पिवळी छत्री घेऊन पाठमोरी उभी असते, मग गर्रकन वळून हसते. दहा सेकंद. त्या छत्रीवाल्या मैत्रिणी रविवारी आत्याकडे जमणार आहेत, पंचवीस वर्षांनी. आत्याने सगळ्यांना कबूल केलंय की कॅसेट दाखवेन म्हणून.”

“इंटरनेटवर नाही?”

“कुठेच नाही. ती कंपनीच बुडाली. एवढी एकच कॅसेट.”

हे सांगताना तो खाली का बघत होता, हे भिंगरीला कळलं नाही. लाजतोय, एवढंच तिने धरलं आणि मनातून खूश झाली.

कॅसेटच्या पाठीला एक छोटी काडी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नाही. पण त्या भोकावर काहीतरी चिकटवलं की पुन्हा होतं. म्हणून दुकानाचा नियम होता, कॅसेट हातात आली की भोकावर जे काही असेल ते आधी सोलायचं. ह्या कॅसेटवर वाघाचं चित्र होतं, वहीवर लावतात तसलं. भिंगरीने ते बोलता बोलता सोललं आणि टेबलाच्या कडेला चिकटवलं. तिथे अशा पन्नासेक चिकटपट्ट्यांची रांग होती. वाघाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिथेच चुकली!

कॅसेट सुरू झाली. काय ते व्हिडिओ, काय तो जमाना! प्रत्येक गायकाच्या तोंडावर जोरात वारा. प्रत्येक घरात पांढरे पडदे, आणि ते उडतायत. पोरगा सारखा निघून जातोय, पोरगी सारखी उशिरा पोचतेय.

“हा माणूस समुद्रावर पियानो घेऊन गेला कसा?” भिंगरी म्हणाली.

“लिफ्टने.”

ती खुदकन हसली. “आणि ही बाई चिठ्ठी वाचून पाण्यात का सोडतेय?”

“उत्तर द्यायचं नसेल.”

“मी असते तर दिलं असतं.”

“काय उत्तर दिलं असतं?”

“आधी चिठ्ठी तर येऊ दे...”

पलीकडे मामा एक मशीन उघडून बसले होते. डोकं मशीनमध्ये, कान मात्र इकडे. “भिंगरे,” ते म्हणाले, “आज तुझा पाय हलत नाहीये. बरी आहेस ना?”

छत्रीवालं गाणं सुरू झालं. पडद्यावर पाऊस, तोही टँकरचा, एका कोपऱ्यात चक्क पाईप दिसत होता. चार छत्र्या वळल्या, पाचवी वळणार, इतक्यात लिफ्टवाल्याने पॉज दाबला.

“आज इथेच थांबूया? उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याच जागी पॉज आणि पुढे तासभर गप्पा, मागे पडद्यावर चार छत्र्या थरथरत उभ्या. भिंगरीला वाटलं, यायला निमित्त हवं म्हणून पुरवून पुरवून बघतोय. तो आला की ती हवेत, आणि गेला की घड्याळाच्या काट्याला ढकलायचीच काय ती बाकी. रात्री कूस बदलायची, सकाळी चहा दोनदा करायची आणि दोन्ही वेळा विसरायची. हे काय होतंय आपल्याला? आणि त्याला होतंय का?

शुक्रवारी सकाळी तिला राहवलं नाही. आत्या बघायचीच! तिने एकटीनेच कॅसेट घातली, प्ले दाबलं...

कर्रर्र.

मशीनने टेप गिळली. तीन दिवस एकाच जागी पॉज, टेप वाचणारं हेड त्याच जागी घासतंय, टेप झिजणार नाही तर काय! नेमका तोच तुकडा चुरगळून, पिळवटून बाहेर आला. हातभरसुद्धा नसेल. पण दहा सेकंद त्यातच होते.

“मामा,” भिंगरी तुकडा पुढे धरत म्हणाली. “मी त्याची आत्या पुसून टाकली.”

मामांनी तुकडा उजेडात धरला आणि मान हलवली. “गेलं हे. सांग त्याला खरं खरं.”

“आणि तो परत कशाला येईल मग?”

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. भाचीच्या डोळ्यांत पाणी, आणि पाय? तो तर शिलाई मशीनसारखा चाललेला. “गच्चीवर पाईप आहे,” ते हळूच म्हणाले. “जुना कॅमेरा आहे. छत्री तेवढी आण.”

दुपारी गच्चीवर मामांनी पाईपने पाऊस पाडला आणि भिंगरी पिवळी छत्री घेऊन पाठमोरी उभी राहून अठरा वेळा वळली. ते दहा सेकंद तिने एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवले. रंग पार उडेपर्यंत, थेट नव्वद सालात पोचेपर्यंत. मग चुरगळलेल्या तुकड्याच्या जागी ते जोडून टाकले.

शनिवारी तो आला. तिने प्ले दाबलं. चार छत्र्या वळल्या... पाचवीही वळली, हसली. लिफ्टवाला दगड होऊन बघत राहिला.

“हे कुठून आलं?”

“कुठून म्हणजे? टेपमधूनच की.”

“शक्य नाही.”

“का नाही?”

“कारण... तिथे दोन पैलवान असायला हवेत.”

भिंगरीने पॉज दाबला.

“मी नऊ वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “टीव्हीवर कुस्ती लागली होती. भोकावर वाघ चिकटवला आणि लाल बटण दाबलं. आत्याची चाहूल लागली म्हणून दहा सेकंदांत बंद केलं. नंतर लावून बघतो तर आत्याच गेलेली. तिला कधी सांगू शकलो नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलंय हो... तिने कॅसेट लावू नये म्हणून आमचा व्हीसीआर सारखा बिघडायचा, तोही मीच बिघडवायचो.”

“मग इथे कशाला आणलीत कॅसेट?”

“वाटलं, तुमची मशीन ती खाईल. मग म्हणता येईल, दुकानात खराब झाली.”

“म्हणजे माझ्यावर ढकलणार होतात?”

“सोमवारी ठरवलं होतं तसं, हो. मंगळवारपासून नुसता पॉज दाबत होतो. ते पैलवान दिसले असते तर तुम्ही... पण ही पाचवी कोण?”

भिंगरीने ओठ चावला. “खाल्ली मशीनने. काल. ही मी.”

आधी तो हसला, मग ती, आणि मग मामा, जे काही ऐकतच नव्हते. पण हसता हसता त्याचा चेहरा उतरला.

“हीच दाखवू का उद्या तिला?”

“दाखवा,” ती म्हणाली. “पण सांगून. पंचवीस वर्षं तुम्ही तेवढ्यावरच पॉज दाबून बसलायत.”

रविवारी सकाळी आत्या स्वतःच दुकानात आली, मागोमाग तो. सडपातळ बाई, पांढरे केस आखूड कापलेले, पाठ अजून नाचणारीची, ताठ. ती खुर्चीत बसली. पाचवी छत्री वळली. लिफ्टवाल्याने घसा खाकरला.

“आत्या, ही तू नाहीस. तू माझ्यामुळे...”

“अरे, हा वाघ इथे कसा?”

आत्या टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“तुला... माहीत होतं?”

“माझी कॅसेट, काडी मी मोडलेली. तुझ्या वहीवरचे पाच वाघ, आणि सहावा माझ्या कॅसेटवर! मला कळणार नाही होय रे?”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“त्या दिवसापासून मी सांगितलेलं प्रत्येक काम तू न कुरकुरता करायला लागलास. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय.” तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि हात तिथेच राहू दिला. “दहा सेकंद गेले माझे, पोरा. तू थोडाच गेलास?” मग ती भिंगरीकडे वळली. “आणि तू गं? वळण साफ चुकलंय तुझं. आधी छत्री, मग खांदा, मान सगळ्यात शेवटी. मैत्रिणी पाचला येतील. पाईप कुठाय?”

आणि काय सांगू! गच्चीवर मामांचा पाऊस पुन्हा सुरू झाला. आत्या पाठमोरी उभी राहिली. आधी छत्री फिरली, मग खांदा, मग ती मान... पांढऱ्या केसांवरून पाणी उडालं आणि ती हसली. एका फटक्यात! मामांच्या हातातला पाईप त्यांच्याच बुटात गळायला लागला, तरी त्यांना कळलं नाही.

“आता तुम्ही दोघं,” आत्या म्हणाली.

“आम्ही कशाला?”

“माझी मजा. छत्रीत या.”

छत्री एक, माणसं दोन. त्याचा डावा खांदा भिजत होता, तिचा उजवा. पाणी छत्रीवर ताड ताड वाजत होतं. भिंगरीचा पाय थांबला होता, बोटं थांबली होती, फक्त आत काहीतरी धडधडत होतं.

“एक विचारू?” तो कुजबुजला. “उद्यापासून कॅसेट नाही माझ्याकडे. मग... कशाला येऊ?”

“विचार करून सांगा.”

“केला. नुसतंच आलो तर?”

तिने छत्री खाली केली आणि त्याचा ओला हात धरला. दीड सेकंद गेला... तीन गेले... पुढे ती मोजायची विसरली.

“कट!” मामा ओरडले.

“अहो गप्प बसा ना,” आत्या म्हणाली. “चालू द्या.”

पाचच्या आत गाणं जोडून झालं आणि भिंगरीने ते आत्यासाठी एका कोऱ्या कॅसेटवरही उतरवलं. चार छत्र्या जुन्या, पाचवी आजची, आणि शेवटी आत्याच्या हट्टाखातर एक छत्री दोघांची. भिंगरीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कॅसेटच्या पाठीची काडी कट्कन मोडली आणि कॅसेट त्याच्या हातात ठेवली.

“आता ह्यावर दुसरं काही टेप होणार नाही.”

“वाघ चिकटवला तर?” तो म्हणाला.

“चिकटवून तर बघ तू!” भिंगरी म्हणाली.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे तिला कळलंच नाही. त्याला मात्र बरोबर कळलं होतं.