दातवाल्यांचं अधिवेशन

खुर्च्या लावायला माणूस पाठवा म्हणून मी सकाळपासून फोनवर घसा कोरडा करत होते. त्यामुळे तो सभागृहाच्या दारात दिसला तेव्हा कोण, कुठला, काही विचारलं नाही. "आलात एकदाचे. ती भिंतीकडची रांग जरा पुढे घ्या," एवढंच म्हणाले आणि परत फोनला लागले.

त्याने कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि मुकाट्याने खुर्च्या ओढायला लागला. काम नीट करत होता, हे मान्य करायला हवं. फक्त मधूनमधून एखाद्या खुर्चीत बसायचा आणि मान तिरकी करून मंचाकडे बघायचा.

"अहो, बसायला नाही बोलावलं तुम्हाला."

"इथे खांब मध्ये येतोय," तो म्हणाला. "इथे बसलेल्याला वक्त्याचा फक्त डावा कान दिसणार."

"दिसू दे की. लोक भाषण ऐकायला येतात, स्थळ बघायला नाही."

"मी मात्र स्थळच बघायला आलोय," तो म्हणाला, आणि इतका गोड हसला की मला जरा संशय आला.

तेवढ्यात खरा खुर्च्यावाला धापा टाकत आत आला. मग कळलं की हे महाशय म्हणजे दंतवैद्यांच्या संघटनेचे. संघटनेचं वार्षिक अधिवेशन कुठे भरवायचं ते हेच ठरवणार होते आणि यायचे होते दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी गुपचूप येऊन बघायचं, ही त्यांची पद्धत. न सांगता आलं की शहर पावडर न लावता दिसतं, म्हणे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र कोट झटकत म्हणाला, "राहिलेल्या दोन रांगाही लावून टाकू का?"

त्या दिवसापासून मी घरी त्याला 'दातवाले' म्हणायला लागले. तो मला 'तळ्याच्या बाई' म्हणायचा.

आमचं शहर म्हणजे एक तळं आणि काठाकाठाने बाकी सगळं. मी लहान असताना काठावर रंगाचा कारखाना होता. ज्या दिवशी जो रंग शिजायचा, तळं त्या रंगाचं व्हायचं. आई तिथेच कामाला होती. कारखाना बंद पडला आणि निम्म्या शहराने गाशा गुंडाळला. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, तळं उपसलं, काठाने झाडं लावली, कारखान्याच्या जागी सभागृह उभं केलं. आता लोक इथे अधिवेशनं भरवतात. ती भरवावीत म्हणून लोकांना गळ घालणारं एक कार्यालय आहे, आणि त्यात आम्ही दोघंच, साहेब आणि मी. साहेब बोलायचे, मी पाहुण्यांना फिरवायचे. आई आता हॉटेलांच्या टेबलक्लॉथना इस्त्री करते. अधिवेशन असलं की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, नसलं की आई उगीच तेच कपाट परत परत आवरत बसते.

दातवाले पुन्हा आले. मग आणखी एकदा आले. साहेब खूश. "ह्यांना सोडू नका," मला म्हणाले. सोडायचं कुणाच्या मनात होतं?

तो प्रत्येक खोलीत मला माईकपाशी उभं करायचा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. आवाज नीट पोचतो का, ते बघायला. पहिल्यांदा मी आपली "हॅलो, हॅलो" करून मोकळी झाले. तिसऱ्या खेपेला माझी भीड चेपली होती.

"मागच्या रांगेतल्या गृहस्थांना झोप लागलेली दिसतेय," मी माईकवर म्हणाले.

"मागच्या रांगेतले गृहस्थ डोळे मिटून ऐकतायत," तो तिथून ओरडला.

"काय ऐकतायत? मी तर काहीच बोलले नाही अजून."

"तेच... तुम्ही बोलायच्या आधी श्वास घेता ना, तोसुद्धा इथपर्यंत येतो."

माईक चालू होता आणि मला बंद करायचं सुचेना. अख्ख्या रिकाम्या सभागृहात माझा श्वास ऐकू येत होता. लाजेने कान तापले. आईने संध्याकाळी विचारलं, "ताप आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, दातवाले आलेत." आई इस्त्री फिरवत हसली.

करारावर सही व्हायच्या आदल्या दुपारी आम्ही तळ्याला फेरी मारायला गेलो. तशी गरज काहीच नव्हती, त्याने तळं दोनदा पाहिलं होतं. अर्ध्या वाटेत पाऊस आला. नावेच्या तिकीटघराची खिडकी बंद होती, पण तिचं छप्पर पुढे आलेलं होतं, त्याखाली आम्ही अंग चोरून उभे राहिलो. छप्पर होतं एका माणसापुरतं. त्याच्या बाहीतून ओल्या लोकरीचा वास येत होता आणि मला तो आवडला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"तुला एक विचारू?" तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "गेल्या वर्षीचं अधिवेशन फसलं. जेवण गार, लिफ्ट बंद... सगळं माझ्या डोक्यावर फुटलं. यंदा काही बिनसलं तर मला घरी बसवतील. असं काही आहे का, जे तुम्ही लोक मला सांगत नाही आहात?"

होतं. त्यांनी धरलेला महिना ऐन उन्हाळ्याचा. वारा पडला की आमच्या तळ्यावर हिरवी साय धरते आणि असा वास सुटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांचं संमेलन होतं, गच्चीवर मांडलेलं जेवण उचलून आत आणावं लागलं. नाकाला रुमाल लावलेल्या दोनशे माणसांसमोर हसत उभं राहायचं काम माझं होतं. आमच्या माहितीपत्रकातले फोटो सगळे हिवाळ्यातले आहेत. ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची नाही, हे कार्यालयात कुणी तोंडाने म्हटलेलं नव्हतं, पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

सांगितलं तर अधिवेशन हातचं जाणार. अधिवेशन गेलं की तोही जाणार, मग कशाला येतोय इकडे? पण तो माझ्याकडे असा बघत होता... मी सगळं सांगून टाकलं. साय, वास, रुमाल, सगळं. "दुसऱ्या महिन्यात आणा," म्हटलं, "नाहीतर दुसऱ्या शहरात जा. तुझं नुकसान नको व्हायला."

माझ्याही तोंडून 'तू' निघून गेलं. त्याने माझा हात हातात घेतला. "हे आपल्यातच राहील," म्हणाला. पाऊस थांबला तरी आम्ही तिथेच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि मी, समोर तो. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगून निरोप घेणार. मनाची तयारी करून, जरा बरा शर्ट घालून मी गेले होते.

"भाडं निम्मं करा," तो म्हणाला.

साहेब हसले. "निम्मं? गंमत करताय."

"त्या महिन्यात तळ्याला वास येतो. शिक्षकांचं जेवण गच्चीवरून आत हलवलंत ना गेल्या वर्षी? तुमच्याच माणसांकडून कळलंय मला. संघटनेत हे सांगितलं तर इथे पुढे कुणी फिरकणार नाही. त्यापेक्षा भाडं निम्मं करा, संध्याकाळची जेवणं आतल्या दालनात द्या. मी आजच सही करतो."

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. तुमच्याच माणसांकडून. आमची माणसं होती किती?

सही झाली. सही करताना त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी आयुष्यात इतकी तोंडघशी कधी पडले नव्हते.

साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून वाहनतळाच्या खिडकीत बसा. पाहुण्यांशी बोलायचं काम आता नको."

तो खाली पायऱ्यांवर वाट बघत होता. चेहरा नुसता उजळलेला.

"जमलं," म्हणाला. "तुझ्यामुळे जमलं. आता अधिवेशन होईपर्यंत दर महिन्याला मला इथे यावं लागणार. आणि त्यानंतर... त्यानंतर तू माझ्याकडे ये. कायमची. नीट विचारायचं होतं, पण आता राहवत नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

हे शब्द ऐकायला मी किती दिवस झुरत होते, आणि आले ते असे.

"साहेबांनी मला खिडकीत बसवलंय. गाड्यांच्या पावत्या फाडायला," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाव घ्यायला आमच्या कार्यालयात तिसरं आहे कोण?"

"अगं, मी दुसरं शहर बघितलं असतं तर आपली परत भेट कशी झाली असती? हे मी आपल्यासाठीच..."

"एकच सांग," मी म्हटलं. "काल छपराखाली माझा हात धरलास. तेव्हा भाड्याचं तुझ्या डोक्यात आलं होतं?"

खोटं बोलला असता तर मी भाळले असते. मला भाळायचंच होतं.

"दोन्ही एकदमच आलं," तो म्हणाला. "हातही... आणि तेही. पण हाताचं खोटं नव्हतं गं."

खोटं नव्हतंच. तेच तर वाईट. खोटं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. मी त्याला "नको" म्हटलं आणि तळ्याच्या बाजूने घरी न जाता मागच्या रस्त्याने गेले.

आईने सगळं ऐकून घेतलं. "खरं तेच सांगितलंस ना?" म्हणाली. मी मान हलवली. "मग जेव आता." ती ताट वाढत होती आणि मी टेबलक्लॉथच्या ढिगात तोंड खुपसून रडत होते.

महिने गेले. तो यायचा तेव्हा मी रजा टाकायचे. अधिवेशनाला मात्र रजा मिळाली नाही. दातवाले गाड्या भरभरून आले. आणि त्या उन्हाळ्यात, काय सांगू, वाऱ्याने एक दिवसही दगा दिला नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ, वासाचं नाव नाही. संध्याकाळची जेवणं गच्चीवरच झाली. साहेब खिडकीवरून जाताना थांबले आणि म्हणाले, "काय, येतोय का वास?" मी पुढची पावती फाडली.

शेवटच्या दिवशी गाड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. त्याची गाडी खिडकीपाशी येऊन थांबली. काच खाली झाली. जरा वाळला होता. पावती पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"वास आलाच नाही," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मी अजूनही तेच विचारतोय..."

माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता, अजूनही, हे त्याला कळलं असतं तर तो उतरला असता. मी पावती ओढून घेतली, शिक्का मारला आणि फाटक वर केलं.

"गाडी पुढे घ्या," मी म्हणाले. "मागे रांग लागलीय."

त्याने घेतली.