कौदीचा शेवटचा कोपरा

जे. पी. नगरला मंजुनाथकडे मी गेले, ती फक्त कौदी शिवून द्यायला. मंजुनाथ माझा धाकटा भाऊ. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याची बायको कस्तुरी तापानं गेली, आणि सहा वर्षांच्या भाग्याची झोपच उडाली. आमच्या बेळगावाकडे वारलेल्या बाईच्या साड्यांची गोधडी, म्हणजे कौदी, शिवून लेकरांच्या अंगावर घालतात. आईची ऊब राहते म्हणतात.

रीत एवढीच, की शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत मूठभर तांदूळ घालायचे. कौदीचं पोट रिकामं ठेवू नये.

आता बघा, तांदूळ मी वाटीत काढून ठेवले होते. पण तो कोपरा राहिलेला असतानाच भाग्या कौदीत शिरली आणि झोपूनही गेली. इतक्या दिवसांनी! तिला उठवायला माझं मन धजेना. तिच्या अंगावरच हळूच टाके घातले. वाटी तशीच राहिली.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. दुपारची वेळ, करंट गेलेला. खोलीत कस्तुरीच्या डोक्याच्या तेलाचा वास कोंडला होता. भाग्या कौदीत गुरफटून पडलेली, गाल पार बसलेले.

"काही खात नाही," मंजुनाथ कुजबुजला. "पण झोपते, अक्का. कौदी नेऊ नको..."

"नेत नाही रे. राहिलेले तांदूळ घालते फक्त."

कौदी उचलली, तर ओल्या कांबळ्यासारखी जड. कोपऱ्यावरचे टाके माझेच, एकही उसवलेला नव्हता. मी ते कापले, बोट आत घातलं... आत ऊब होती. आणि खडे लागले. बाहेर काढले, तर इवले इवले दात.

दात मुठीत धरून मी पोरीजवळ सरकले.

"भाग्या... आ कर बघू."

खालची अख्खी ओळ गेलेली.

"दात पडायचंच वय आहे," मंजुनाथ म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दुखलं का गं बाळा?"

"नाही आत्या." ती हसली. "आई रोज स्वल्प स्वल्पच घेते."

मी तांदूळ आत कोंबले. कोपरा शिवला. भाग्यानं कौदी ओढून घेतली, त्या कोपऱ्याला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"आत्या... आई म्हणते, आता तांदूळ नको."