एफीचा खांदा

दार लावून घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. इव्हर आपला जनावरांचा डॉक्टर, माझा जिवलग. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही.

गेल्या अकरा नोव्हेंबरची रात्र, पावणेदोन. वरच्या शेतावर गाय अडली होती. बधिर करायच्या औषधाची बाटली पिशवीत टाकून इव्हर निघाला. जुन्या पुलावर धुकं आलं आणि गाडी बंद पडली. त्याला नवल वाटलं नाही, हे तिसऱ्यांदा होत होतं. पुलापलीकडे डांबर नसायचं, दिवे नसायचे. सोळाशे बासष्ट साल असायचं, आणि एफी वाट पाहत असायची.

"म्हणजे प्रेमात होते?"

"पन्नाशीच्या माणसाने पडू नये इतका पडला होता. मध्ये बोलू नकोस, मॉरॅग."

त्या रात्री मात्र एफी पुलावर नव्हती. पलीकडे पहाट होत आली होती आणि ती चर्चच्या घंटाघरात कोंडलेली होती. शेजारणीचं दूध नासलं, म्हणून हिच्यावर चेटकिणीचा आळ. तीन रात्री गावकरी आळीपाळीने तिला जागवत होते. जागवलं की बाई कबुली देते, ही त्यांची अक्कल! पहाऱ्यावर तिचा मावसभाऊ रॉबी होता, त्याने इव्हरला हळूच आत घेतलं.

"आटप लवकर. पंच येतायत, टोचणाऱ्याला घेऊन."

"टोचणारा कोण?" इव्हरने विचारलं.

"सुया टोचून पाहतो. तिच्या डाव्या खांद्यावर डाग आहे ना, तिथे."

एफी भिंतीला टेकून पेंगत होती. पंचांपुढे आपलं काही चालणार नाही, निदान तिचं दुखणं तरी वाचवू, म्हणून इव्हरने तिच्या खांद्यात इंजेक्शनने औषध भरलं. अख्खी बाटली. गाढव कुठला!

ती दचकून जागी झाली. "काय केलंस?"

"आता सुई दुखणार नाही, राणी."

"इव्हर... दुखायला हवं होतं रे. ओरडले असते तर सुटले असते. जी जागा दुखत नाही, जिथून रक्त येत नाही, तिला सैतानाचा हात लागलाय म्हणतात."

"मग खोटं ओरड!"

"डोळे बांधतात. मागून टोचतात. कधी टोचलं, हेच मला..."

जिन्यावर पावलं वाजली. रॉबीने इव्हरला खांबामागे ढकललं.

पट्टी बांधली.

सुई आत गेली.

एफी गप्प.

दुसरी... पार मुळापर्यंत.

गप्प.

"बघा," पंच म्हणाला. "चेटकीणच."

"मी केलं ते! औषध आहे!" इव्हर धावत पुढे आला. कुणी वळूनही पाहिलं नाही. जणू तो तिथे नव्हताच. पट्टी सोडून एफीला ओढत नेत होते, तिने जाता जाता त्याचा उजवा हात गच्च धरला. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं...

मग धुकं. मग गाडी सुरू. दोन वाजले होते. औषध संपलेलं, म्हणून गायीचं पोट बधिर न करताच कापून वासरू काढावं लागलं. ती ओरडत होती, आणि हा तिच्या मानेला मिठी मारून रडत होता.

तेव्हापासून त्याच्या हाताला, एफीने धरला होता तिथे, काही कळत नाही म्हणतो. मी कशाला विश्वास ठेवू? गेल्या रविवारी टाचणी घेतली. मागून गेलो. न सांगता, त्याच उजव्या हातात...

पार मुळापर्यंत.

तो डाव्या हाताने चहा पीत राहिला. टाचणी काढली, तर रक्ताचा थेंब नाही.