तोफेचं मौन

प्रचारफेरी रुग्णालयाच्या फाटकासमोर आली आणि नेमका तिथेच तोफेचा आवाज बसला.

तोफ म्हणजे ती. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. बाकी सगळं गाव, सगळा पक्ष, इतकंच काय खुद्द आईसुद्धा तिला तोफच म्हणे. काका निवडणुकीला उभे राहायचे आणि घोषणा द्यायची ती, हे ती एवढीशी असल्यापासून ठरलेलं. तेव्हा ती काकांच्या खांद्यावर बसून ओरडायची, आता उघड्या जीपमध्ये उभी राहून ओरडायची.

"येऊन येऊन..." तिनं सुरुवात केली, आणि पुढे नुसती शिट्टी वाजली.

त्याच क्षणी फाटकातून एक उंच, चष्मेवाला डॉक्टर तरातरा बाहेर आला. "अहो, आत आजारी माणसं आहेत! जरा आवाज बंद करता का?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. फुस्स करून हवा बाहेर पडली.

डॉक्टर चपापला. "इतक्या लगेच ऐकाल असं वाटलं नव्हतं..."

जीपमधले सगळे खो खो हसले. तिला असा राग आला! पण राग काढायलाही आवाज लागतो. तिनं नुसते डोळे वटारले. त्यानं ते डोळे जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिले, मग भानावर येऊन म्हणाला, "आत या. मी घशाचाच डॉक्टर आहे."

आत त्यानं बॅटरी मारून घसा पाहिला आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. हाताची घडी, तोंडावर बोट."

तिनं खिडकीबाहेरच्या जीपकडे बोट केलं, तिच्यावरच्या झेंड्यांकडे केलं, कपाळावर हात मारून घेतला.

"निवडणूक आहे, दिसतंय मला. पण घसा म्हणजे मतदार नव्हे. त्याला आश्वासनावर गप्प बसवता येत नाही." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, आणि हे आपण कशाला बघतोय, असं तिनं स्वतःला दटावलं. "आणि रोज संध्याकाळी तपासायला यायचं."

तिनं भुवया उंचावल्या. रोज?

"रोज," तो म्हणाला आणि टेबलावरची बाटली उगाचच इकडची तिकडे केली. "म्हणजे... प्रकृतीच्या दृष्टीनं."

त्या दिवसाच्या सभेला ती पहिल्या रांगेत गुपचूप बसली. जन्मात पहिल्यांदाच. काकांची एक पद्धत होती. भाषणात अडचणीचं वाक्य आलं की ते उजवा हात वर करत, आणि हात वर गेला की तोफ धडाडे. लोक घोषणेला घोषणा देत, टाळ्या पडत, आणि ते वाक्य त्या गदारोळात कुठल्या कुठे वाहून जाई. हाताकडे बघता बघता शब्दांकडे लक्ष द्यायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

आज तिच्या जागी पक्षाचे खजिनदार उभे होते आणि ते शेंगदाणे खाण्यात गर्क होते.

"रुग्णालय आपण अधिक सक्षम हातांत सोपवणार आहोत," काका म्हणाले. हात वर गेला. कुणीच ओरडलं नाही. वाक्य तसंच मैदानावर उभं राहिलं आणि तिनं ते स्वच्छ ऐकलं.

सक्षम हातांत? मागच्याच निवडणुकीत 'रुग्णालय विकू देणार नाही' म्हणून याच काकांनी मत मागितलं होतं. "रुग्णालय कुणाचं? आपलं, आपलं, आपलं!" ही घोषणा तिनं स्वतः रचली होती.

तोंडाला कुलूप लागलं की कान आपोआप उघडतात म्हणे. तिचे तर सताड उघडले. पक्षाच्या कचेरीत, घरी जेवताना, प्रत्येक सभेत ती ऐकत राहिली, आणि रोज संध्याकाळी त्या चष्मेवाल्यासमोर बसून हातवारे करत राहिली. एकदा तिनं हवेत इमारत काढली, ती कागदासारखी घडी घालून खिशात टाकली आणि प्रश्नार्थक मान केली.

"रुग्णालय विकणार का, हेच ना? आम्हीही ऐकतोय तसं." त्यानं मान तिरपी केली. "तुम्ही न बोलता इतकं बोलता... बोलायला लागल्यावर माझं काय होणार आहे, कोण जाणे!"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. स्वतःच्या नाही, त्याच्या; लांबूनच, हवेत. तो लाजला. डॉक्टर लाजतात हे तिला नवीनच होतं, आणि घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आठवडा सरला. शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी काका घरी आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तोफे, तो डॉक्टर विरोधकांचा आहे, असं कानावर आलंय. मुद्दाम तोंड बंद केलंय त्यानं तुझं. उद्या मात्र तू हवीसच."

हे तिला लागलं. ती तडक रुग्णालयात गेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आतल्या बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती.

"तुम्ही कोणत्या पक्षाचे?" दारातूनच तिनं विचारलं.

तो बघतच राहिला. "हा तुमचा आवाज! जवळून पहिल्यांदाच ऐकतोय. बोला ना... आणखी बोला."

"उत्तर द्या."

"पक्षाबिक्षाचा नाही हो मी. मागच्या वेळी मत तुमच्या काकांना दिलं होतं."

"का?"

"तुमची घोषणा ऐकून," तो सरळ म्हणाला. "वाटलं, जीपमधली ती मुलगी इतकी जीव तोडून ओरडतेय म्हणजे खरंच असणार."

तिला बसावंसं वाटलं. ती बसली. "आणि रुग्णालय विकलं तर?"

"माझा पगार वाढेल. विकत घेऊ पाहणाऱ्यांनी आधीच विचारून ठेवलंय."

"मग तुमचा फायदाच की!"

"माझा आहे. बाहेर बाकावर बसलेत त्यांचा नाही."

तिनं वळून बाहेरच्या बाकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मी काय करू?"

"घसा बरा झालाय. त्यातून काय काढायचं, हे माझ्या औषधात बसत नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. "आणि मी सांगितलं तर लोक म्हणतील, डॉक्टरनं शिकवलं. ते मला नको आहे. तुमचं तुम्हीच ठरवा... पण तपासायला येणं थांबवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आरशासमोर दाढी करत होते. ती मागे जाऊन उभी राहिली. माणसाच्या पाठीमागून वार करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"काका, आज मी घोषणा देणार नाही."

"घसा?"

"घसा ठणठणीत आहे. मन नाही."

काकांचा हात थांबला. "पक्षानं आवाज दिला तुला, पोरी."

"आवाज आईनं दिला, काका. पक्षानं माइक दिला. तो परत करतेय." ती एक पाऊल पुढे आली. "आज मी गर्दीत उभी राहणार आहे, आणि तुम्हाला रुग्णालयाचं विचारणार आहे. आधीच सांगून ठेवते."

"अगं, आपलेच दात अन् आपलेच ओठ!" आई स्वयंपाकघरातून कळवळली.

"म्हणून तर आधी घरात सांगितलं," ती म्हणाली. काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गालावरचा साबण तसाच वाळू दिला.

संध्याकाळी मैदान खचाखच भरलं. डॉक्टर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. काका 'सक्षम हातां'पाशी आले तशी ती माइकशिवाय गरजली, "काका, रुग्णालय विकणार आहात की नाही? हो की नाही?"

सगळी गर्दी वळली. हा आवाज कुणाला ओळखू येणार नव्हता? काकांचा हात सवयीनं वर गेला, आणि मग सावकाश खाली आला.

"हो," ते म्हणाले. "वरून ठरलंय." थांबले. "मला विचारलं नव्हतं. आणि मीही कुणाला विचारलं नाही."

मग जो गलका उठला, त्यात सभा संपली. खुर्च्यांची आवराआवर सुरू झाली तेव्हा काका मंचावरून उतरून थेट तिच्याकडे आले. दमलेले दिसत होते, पण ताठ होते.

"झालं समाधान? मतं गेली माझी."

"माझंही मत अजून ठरलेलं नाही, काका. तुमच्या पक्षाला द्यायचं, विरोधकांना द्यायचं, की कुणालाच नाही, ते मी बघेन. तुमची पुतणी मात्र मी आहेच."

काका शेजारच्या चष्मेवाल्याकडे वळले. "आणि यानं शिकवलं तुला हे सगळं?"

"कुणी शिकवलं नाही! प्रश्न माझा होता. आणि यांच्यावर जीव जडलाय तोही माझाच. यांना तर अजून सांगितलेलंही नाही!"

तोफेला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. खुर्च्या उचलणारे हात जागच्या जागी थांबले. मैदानाच्या टोकाला झेंडे गुंडाळणारे खजिनदार वळून बघू लागले. डॉक्टरचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला होता.

"मला... आत्ताच कळलं," तो म्हणाला.

"मग सांगा," तिचे गाल तापले होते, पण नजर हलली नाही. "हो की नाही?"

"हो."

पुढे काही येतंय का म्हणून काकांनी वाट पाहिली. काही आलं नाही. मग त्यांनी त्या उंच माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसले.

"हा आपल्या काही कामाचा नाही, तोफे," ते म्हणाले. "एका शब्दात उत्तर देतो. याला कुठलाही पक्ष घ्यायचा नाही. तूच ठेवून घे."