सात नंबरच्या सायकलवर औषधफवारणी

"सरका, सरका! ब्रेक लागंना!"

ओरडत ओरडत बन्सी नदीच्या उतारावरून सायकलवर सुसाट खाली आला आणि वळणावरच्या कडब्याच्या गंजीत शिरला. आधी सायकल शिरली, मग तो. बाहेर राहिले ते फक्त दोन पाय.

सत्यशीला आणि तिचा मामेभाऊ नागनाथ धावले. दोघांनी एकेक पाय धरून त्याला बाहेर ओढले. बन्सी म्हणजे नागनाथच्या शेजारचा मित्र, गप्प बसणे त्याला ठाऊकच नव्हते. कोपर सोलवटले होते, केसांत कडबा होता, पण तोंड शाबूत होते.

"हा उतार झपाटलेला हाय," तो धापा टाकत म्हणाला. "परवा पोस्टमन, काल कंपाउंडर, आज मी. तिघं बी हितंच पडलो."

"भूत काय आमच्याच दुकानातल्या सायकली निवडून धरतंय व्हय?" नागनाथने विचारले. "काल कंपाउंडरच्या मागून ड्रॉइंगचे गुरुजी आपल्या सायकलवर उतरले. ते आरामात थांबले की."

सत्यशीलाला हसू आले नाही. गंगाखेडच्या स्टँडसमोर तिच्या रंगनाथमामाचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली होती ती सायकल शिकायलाच. सातवी झाली होती. आठवीचे हायस्कूल तिच्या गावापासून अडीच कोसांवर, आणि त्या वाटेला एसटी फिरकत नव्हती. आईने, सुलाबाईने, निघतानाच बजावले होते, "सायकल पक्की आली तरच शाळा. वाटंत पडून राहिलीस तर कोण उचलंल? न्हाई आली तर सातवी लय झाली." रविवारी आई स्वतः बघायला येणार होती. आज गुरुवार. या पडापडीची बातमी तिच्या कानावर गेली की हायस्कूलवर पाणी सोडायचे, हे सत्यशीला जाणून होती. सायकल तिला आता चालवता येत होती, पण ब्रेकचे काय?

दुकानात मामाने सात नंबरची सायकल उलटी केली. मडगार्डवरचा सातचा आकडा जमिनीला टेकला.

"ब्रेकच्या सळ्या घट्ट हायत. रबरं परवाच बदललीत," मामा डोके खाजवत म्हणाला. "मला तर काईच उमगंना झालंय."

मामा गिऱ्हाइकाकडे वळला तशी सत्यशीलाने चाकाच्या कडेवर बोट फिरवले. बोट सटकले. वहीचे जुने पान फाडून तिने ती कड पुसली, तर भजी बांधल्यासारखे पान पारदर्शक झाले.

"तेल," ती हळूच म्हणाली. "ब्रेकचं रबर घासतं तिथंच तेल. मग चाक थांबंल कसं?"

बन्सीने पान हुंगले. "रॉकेल? न्हाई. गोड तेल बी न्हाई. कायतरी इलायतीच वास हाय."

त्यांनी एकेक सायकल तपासली. सगळ्या नव्या नवरीसारख्या चकाकत होत्या आणि सगळ्यांच्या कडा बुळबुळीत होत्या. फक्त बारा नंबरची गंजकी सायकल कोरडी. तिचे ब्रेक गपकन लागत होते.

"हिलाच का सोडलं?" नागनाथने विचारले.

सत्यशीला विचारात पडली. "ही रोज दुपारी कुठं असती?"

"गवळी नेतो. चारला आणून देतो."

"म्हंजी जे काय होतंय ते दुपारी होतंय. आणि दुपारी मामा घरी भाकरी खायला जातो."

दुसऱ्या दिवशी मामा घरी गेल्यावर तिघे जुन्या टायरांच्या ढिगामागे दबा धरून बसले. दुकानात होते फक्त दत्तरावकाका. काका मामाचे जुने दोस्त आणि कापसाचे पट्टीचे शेतकरी. उन्हाळ्यात रानात काम नाही आणि घरात पंखा नाही, म्हणून ते दुपारचे दुकान सांभाळायचे.

थोड्या वेळाने काका उठले. रस्त्यावर नजर टाकली. उपरण्याने नाकतोंड गच्च बांधले. मूठभर माती उडवून वारा कुठून आहे ते पाहिले, वाऱ्याकडे पाठ केली आणि पिशवीतून एक चकचकीत लांबोडका डबा काढला.

फुस्स! फुस्स!

काका सायकलींच्या रांगेतून एकेक पाऊल मागे सरकत फवारत चालले होते. चेन झाली, चाके झाली, ब्रेकची रबरे झाली, घंटीसुद्धा सुटली नाही. बन्सीला हसू आवरेना. त्याने तोंडात बोळा कोंबावा तसा शर्ट कोंबला.

सत्यशीला मात्र सरळ पुढे झाली. "काका, काय करायलाव?"

काका दचकले. मग उपरणे खाली ओढून ऐटीत म्हणाले, "औषध मारायलोय. माझा साडू व्यंकटराव येलदरी धरणावरून आला व्हता. तिथल्या वीजघरात मशिनी बघाया आलेल्या एका साहेबानं त्याला हे दिलं. मला म्हणला, गंजावरचं औषध हाय, रंगनाथला दे. मी म्हणलं, आधी सगळ्या सायकली चकाचक करू, मग रंगनाथला चकित करू."

"पण ब्रेकवर कशाला?"

"पोरी, कापसाच्या पराटीवर औषध मारताना पान पाठपोट भिजावं लागतं. एक पान कोरडं राहिलं की आळी तिथंच दडती. गंजाचं बी तसंच."

उतारावरचे भूत गळ्यात उपरणे घेऊन समोरच उभे होते!

"काका, तुमच्या औषधानंच मी कडब्यात गेलो," बन्सी म्हणाला.

"खुळा का काय! औषधानं कुणी पडतंय व्हय?" काका बिघडले.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सत्यशीलाने सात नंबरची सायकल स्टँडवर उभी केली, पायडल गरगर फिरवले आणि म्हणाली, "काका, तुमच्या हातात जोर लय. थांबवा बरं हे चाक."

काकांनी ब्रेक दाबला. चाक आपले फिरतच राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला, दातओठ खाल्ले, तरी ते आपल्या मर्जीनेच थांबले. तेवढ्यात गवळी, त्या दिवशी जरा लवकरच, बारा नंबर घेऊन आला. त्या गंजक्या चाकाला काकांनी ब्रेक लावला मात्र, ते जागच्या जागी थांबले.

काकांच्या कपाळावर घाम आला. सत्यशीलाने डबा उचलून त्यावरची इंग्रजी अक्षरे एकेक करून लावली. सगळे काही कळेना, पण दोन शब्द ओळखीचे निघाले. "हे बघा, नॉट. नॉट म्हंजी नाही. आणि हे ब्रेक."

"ब्रेक म्हंजी?" काकांनी क्षीण आवाजात विचारले.

"ब्रेक म्हंजी ब्रेकच, काका."

मामा परतला तेव्हा दत्तरावकाकांनी स्वतःच सगळे सांगून टाकले. मामा आधी लालबुंद झाला आणि मग असा हसला की शेजारच्या हॉटेलातली माणसे बघायला आली.

"आमी सळ्या बघत बसलो आन पोरीनं बोट लावून बघितलं," तो सगळ्यांना सांगू लागला. "माझं दुकान वाचवलं हिनं."

मग कामाला जुंपले सगळेच. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन सगळ्या चाकांच्या कडा घासल्या, आणि मामाने रबरे नवी घातली. घासण्याचे काम अर्थात दत्तरावकाकांकडे आले. शेवटी मामाने बारा नंबरच्या सीटखालच्या नटावर तो डबा जरासाच दाबला. तो नट दोन वर्षे कुणाला दाद देत नव्हता. एक कप चहा संपेपर्यंत थांबून मामाने पाना लावला, तर नट मुकाट्याने फिरला. चेनीचा काळा चिखलही त्याने सुटला. मामाने चेन पुसून कोरडी केली आणि वर नेहमीचे तेल सोडले.

"औषध झकास हाय," मामा म्हणाला, "पण दुखणं कुठं हाय ते बघून लावावं." आणि तो डबा त्याने सत्यशीलाच्या ताब्यात दिला.

रविवारी आई आली. पडापडीची बातमी तिला स्टँडवरच कळली होती. ती उताराच्या पायथ्याशी तोंड मिटून उभी राहिली. दत्तरावकाका गंजीपुढे हात पसरून उभे होते, न जाणो.

सत्यशीला सात नंबरवर वरून निघाली. कानात वारा घुसला, वळण जवळ आले, आई मोठी मोठी दिसू लागली. तिने दोन्ही ब्रेक दाबले. रबरे करकरली आणि सायकल आईच्या पावलांपासून वीतभर अंतरावर थांबली.

आईने खाली वाकून चाकाच्या कडेवर बोट फिरवले आणि बोट निरखून पाहिले. कोरडे होते.

"हायस्कूल कितीला भरतं गं?"

"साडेदहाला."

"मग भाकरी आठच्या आत व्हाया पाहिजे," आई म्हणाली.