बाहेर गेल्याची वेळ

दिवे येईस्तवर सांगतो. राणी, तो मोबाईल पालथा घाल. आन वीरधवल, तू हसलास तर निम्म्यात उठून जाईन, आधीच सांगतो.

तासगावच्या बाहेर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज हाय न्हवं, पलटणीतनं रिटायर झाल्यावर मी गेटवर बसायचो, तिथली ही गोष्ट. घडली ती धैर्यशीलसंगं. तिथला कॉम्प्युटरचा मोठा साहेब. पंचवीस सालचा मार्च, अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. रविवारी पाडवा व्हता. रात्री पावणेबाराला त्याची गाडी गेटवर आली. "आप्पा, धा मिनिटांचं काम हाय," म्हणाला. पुण्याहून तपासणी येणार व्हती, त्याच्या आधी एक मशीन पुसायचं व्हतं. बिरदेवचं.

आता बिरदेव कोण, ते ऐका. आटपाडीकडचं, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातलं पोर. लय हुशार. धैर्यशीलच्या हाताखाली, पण दोघं जेवायचे एका डब्यात. तिथं लोखंडाची पेटी एकच, पण तिच्या पोटात आठ मशिनी, नुसत्या सॉफ्टवेअरच्या. गारव्याचं एक, सौद्याचं एक, बिरदेवचं एक, असं. एका घरात आठ बिऱ्हाडं म्हणा. बिरदेवला कळलं, त्या सॉफ्टवेअरात खोट हाय. एका बिऱ्हाडातनं भलतीच मागणी गेली की अख्खं घर गपगार. त्याच्यावरचा इलाज, पॅच म्हणत्यात, तो आलेला बी व्हता. पण लावायचा तर सगळं तासभर बंद ठेवाय पायजे. "साहेब, एक तास द्या," बिरदेव रोज म्हणायचा. मेल बी करायचा. धैर्यशीलचं एकच, "हंगामात? येड लागलंय व्हय तुला?"

फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. बाहेरच्या कुणीतरी सौद्याच्या मशिनीतनं ती मागणी सोडली आन पेटी बसली. दीड दिवस गारवा बंद. लोकांच्या बेदाण्याला पाणी सुटलं. संचालकांनी धैर्यशीलला उभा केला, तर ह्या बाबानं सांगावं काय? "मला कोण बोललंच न्हाई. बिरदेवनं मुद्दाम केलं." बिरदेवचे मेल त्यानं आधीच पुसलेले. पुरावा तेवढा पायजे व्हता. तो मी दिला.

व्हय, मी. असं बघू नका माझ्याकडं. माझ्या जावयाला धैर्यशीलनं तिथंच चिकटवलेला. "आप्पा, एक ओळ लिवा," म्हणाला. पोरगं त्या रात्री आटपाडीत आपल्या घरी झोपलेलं, मला ठावं व्हतं. तरी लिवली. पेटी बसली त्या रात्रीच्या पानावर, गेटच्या रजिस्टरात... बिरदेव, आत, बारा वाजून धा मिनिटं. आमी गेटवाले रात्रभरच्या फेऱ्या नवालाच लिवून मोकळं व्हतो, हाताला खोट्याची सवयच. पण घाईत बाहेर गेल्याची वेळ लिवायची ऱ्हायली. कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. त्यांना 'आत' एवढंच पायजे व्हतं.

बिरदेवला काढला. जाताना गेटवर थांबला. थंडीत बसतोय म्हणून त्यानंच मला घरच्या लोकरीचं घोंगडं आणून दिलेलं. तेच माझ्या खांद्यावर. म्हणाला, "आप्पा... मी आलो व्हतो त्या रात्री?"

मी फाटकाकडं बघत बसलो. त्या पोराचा गळा कापला मी, पोरांनो. आठ दिवसांनी त्याची मोटरसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेली. आटपाडीच्या रस्त्याला. जाग्यावरच.

तर, शुक्रवारची रात. धैर्यशील आत. बिरदेवचं मशीन पुसलं. यादीत परत आलं. पुन्यांदा पुसलं. परत आलं. नावापुढं लिवलेलं... चालू. हे त्यानंच मला मागनं सांगितलं.

मी गेटवर. बारा वाजून धा. कुलूप माझ्या हातानं लावलेलं. भुकणारी कुत्री एकदम गप झाली.

वास आला. लोकरीचा. घोंगडं तर मी त्या दिवसापासनं अंगाला लावलं न्हवतं. घरात ट्रंकेत व्हतं.

मग कानाजवळ...

"आप्पा... आता आलो."

मागं बघितलं. कोण न्हाई.

गारव्याच्या मोटरी थांबल्या. दिवे गेले. आत धैर्यशील ओरडला. एकदाच. पळत गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार ओढलं. तो आतनं ढकलतोय. मी बाहेरनं ओढतोय. दार हलंना. मग त्याचा आवाज बी...

एक तास.

बरोबर एक वाजून धा मिनिटांनी मोटरी सुरू झाल्या. दार आपसूक सुटलं. धैर्यशील फरशीवर बसलेला, ओठ निळं. पडद्यावर आठीच्या आठी मशिनी चालू, आन पॅच बसलेला.

"मागितला त्यानं," म्हणाला. "एक तास. मी... दिला."

धैर्यशील आता लोणंदला असतो. भावाच्या दुकानात बसतो, कॉम्प्युटरला हात लावत न्हाई. मी बी नोकरी सोडली. येताना ते रजिस्टर तेवढं उचलून आणलं. म्हटलं, निदान पोराला बाहेर तरी काढावं. त्या ओळीत बाहेरची वेळ लिवली. निळ्या पेनानं, दाबून. सकाळी बघितलं तर न्हवती. पुन्हा लिवली. तवापासनं रोज लिवतोय.

आज तिन्हीसांजेला बी लिवलीय. त्या फळीवर हाय बघ, राणी. बॅटरी घे. खूण घातलेलं पान. बिरदेव... आत, बारा धा. सापडलं? त्याच्याफुडं वाच.

"आप्पा..."

वाच की.

"आप्पा, फुडं कायच न्हाई. चौकट कोरी हाय."